टेस्ट रिपोर्टवर सही करण्याआधी : नव्या इलेक्ट्रिकल ठेकेदारासाठी तपासणीची पद्धत

इलेक्ट्रिकल ठेकेदाराचे लायसन्स हातात आले की सुरुवातीला येणारे फोन बहुतेक वायरिंगच्या कामासाठी नसतातच. "काम झालंय, नवीन मीटर घ्यायचाय, फक्त टेस्ट रिपोर्टवर सही-शिक्का द्या," एवढीच मागणी असते. फॉर्मवर इन्सुलेशन आणि अर्थिंगचे रकाने असतात, त्यात काय आकडे भरायचे हे सगळ्यांना तोंडपाठ असते आणि जागेवर न जाताही ते भरता येतात. हा लेख ते आकडे खरोखर मीटरवर वाचून कसे भरायचे याबद्दल आहे. मीटर चुकीचा आकडा कधी दाखवतो, हेही त्यात ओघाने येईल, कारण निम्मी कला तिथेच आहे.

कायद्याची बाजू थोडक्यात. घरगुती असो वा कारखान्याची, वीजसंचाची उभारणी, वाढ, बदल किंवा दुरुस्ती राज्य शासनाचे लायसन्स असलेल्या ठेकेदारानेच करायची. कामावर देखरेख करणाऱ्याकडे सक्षमता प्रमाणपत्र हवे आणि प्रत्यक्ष हात घालणाऱ्याकडे परमिट हवे. १९५६ च्या नियमांत हे नियम ४५ मध्ये होते. नंतर ते केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षा नियमांत आले आणि आता २०२३ च्या नियमांत आहे. दिवा, पंखा, फ्यूज, बटण अशी वस्तू तेवढ्याच क्षमतेची बदलायची असेल तर त्याला सूट आहे. महाराष्ट्रात वायरमन म्हणजे तारतंत्री, सुपरवायझर आणि ठेकेदार अशी ही उतरंड आहे आणि तिन्ही कागद अनुज्ञापक मंडळाच्या अखत्यारीत येतात. यातली एक कडी सुटली तरी सही पोकळ ठरते. तुमचा सुपरवायझर नोकरी सोडून गेला असेल, तर नवा नेमून त्याची नोंद होईपर्यंत नवीन रिपोर्ट देऊ नका. सही करण्याआधी तिन्ही कागदांची मुदत बघा. मुदत संपलेले परमिट अपघात झाल्यावरच सापडते.

पिशवीत काय हवे

५०० व्होल्ट डीसीचा इन्सुलेशन टेस्टर, म्हणजे मेगर. तीन किंवा चार टर्मिनलचा अर्थ टेस्टर, त्याच्या खुंट्या आणि किमान ४० मीटर तार. ओहमचे दशांश नीट दाखवणारा मल्टीमीटर. आरसीसीबी (प्रवाहाची गळती झाली की वीज तोडणारे उपकरण) आणि लूप (फेज-अर्थच्या पूर्ण फेरीचा रोध) तपासणारा टेस्टर. क्लॅम्प मीटर. दोन टोकांचा व्होल्टेज टेस्टर. पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीत यातले बहुतेक सामान मिळते, पण विकत घेताना कॅलिब्रेशनचे प्रमाणपत्र मागा आणि पुढे दरवर्षी एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून ते करून घ्या. लायसन्ससाठी घेतलेला मेगर पेटीत पडून राहतो आणि तीन वर्षांनी त्याच्या बॅटरीची गळती होऊन सर्किट खाल्लेले असते, हा अनुभव या धंद्यात कुणाला नवा नाही.

खिशातला निऑनचा टेस्टर यादीत नाही. तो फेज दाखवतो आणि कधी कधी फेज असूनही दाखवत नाही. कोरड्या लाकडी फळीवर, रबरी चपला घालून उभे असाल तर तो मंद पेटतो किंवा पेटतच नाही. लाइन बंद आहे याची खात्री करायला तो वापरू नका.

वीज येण्याआधी : डोळ्यांनी

मीटर पेटीपासून सुरुवात करून डीबी (घरातली वितरण पेटी), मग एकेक सर्किट असे फिरा. कागदावर सर्किटचा नकाशा काढत चला, कारण पुढच्या प्रत्येक मोजणीला तो लागतो.

दिव्यांच्या सर्किटला तांब्याची किमान १.५ चौ. मिमी आणि १६ अँपिअरच्या पॉवर प्लगला किमान २.५ चौ. मिमी तार हवी. एसी आणि गीझरला ४ टाकणे शहाणपणाचे. दिवे, पंखे आणि ६ अँपिअरचे प्लग मिळून एका सर्किटवर १० पॉइंट किंवा ८०० वॉट, पॉवर सर्किटवर दोनापेक्षा जास्त प्लग नाहीत, हा भारतीय मानकातला जुना आणि आजही उपयोगी हिशोब. मग एमसीबी, म्हणजे प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारे बटण, बघा. १.५ च्या तारेवर २० किंवा २५ चा एमसीबी दिसला तर तिथेच थांबा. एमसीबी सारखा पडतो म्हणून कुणीतरी मोठा बसवलेला असतो. तार तीच राहते, फक्त आता आधी ती तापते आणि एमसीबी नंतर पडतो.

प्लगमध्ये समोरून बघताना अर्थ वर, फेज उजवीकडे, न्यूट्रल डावीकडे. अर्थची तार फेजच्या आकाराची हवी, १६ चौ. मिमीपर्यंत हा सरळ नियम आहे. त्यापुढे ३५ पर्यंत १६ चालते आणि ३५ च्या वर फेजच्या निम्मी.

पेठांमधल्या वाड्यांत वेगळ्या गोष्टी सापडतात. लाकडी पट्टीवरची जुनी फिटिंग, रबर आणि सुती आवरणाची तार, आणि मेन स्विचमध्ये दोन्ही तारांवर किटकॅट, म्हणजे चिनी मातीचे फ्यूज. न्यूट्रलवरचा फ्यूज उडाला तर दिवे बंद होतात, घरातला माणूस वीज गेली असे समजतो, पण सगळ्या पॉइंटवर फेज जिवंत असते. अशा वाड्यात एका खोलीचे नूतनीकरण करून नव्या मीटरचा रिपोर्ट मागितला जातो. नवी खोली जुन्या पट्टीच्या तारेवरून ओढलेली असेल, तर रिपोर्ट त्या जुन्या तारेचाही होतो. मेनपासून नवी लाइन आणल्याशिवाय सही नाही, हे मालकाला आधीच सांगा.

अर्थची सलगता

प्रत्येक प्लगच्या अर्थ पिनपासून डीबीतल्या अर्थ पट्टीपर्यंत रोध मोजायचा. लांब तारेचे एक टोक पट्टीला बांधा, तिचा स्वतःचा रोध आधी मोजून वजा करा. १.५ चौ. मिमी तांब्याच्या तारेला मीटरमागे साधारण १२ ते १३ मिलीओहम रोध असतो, म्हणजे २० मीटरवर पाव ओहम. मीटर २ ओहम दाखवत असेल तर मध्ये कुठेतरी पिळून ठेवलेला, स्क्रू न आवळलेला जोड आहे. नुसता बीप वाजतो का हे बघून पुढे जाणाऱ्यांना हा जोड कधीच सापडत नाही, कारण बीप ३० ओहमलाही वाजतो.

एक चलाखी इथे पकडली जाते. अर्थची तार प्लगपर्यंत ओढलेलीच नसते आणि बॉक्समध्ये अर्थ पिन न्यूट्रलला छोट्या तुकड्याने जोडलेली असते. साधा तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर अशा प्लगला 'बरोबर' म्हणतो. पुढे न्यूट्रल कुठेही तुटला की फ्रिजच्या अंगावर पूर्ण २३० व्होल्ट. डीबीत त्या सर्किटचा न्यूट्रल सोडवा आणि मग न्यूट्रल-अर्थ रोध मोजा. शून्याच्या जवळ आला तर बॉक्स उघडा.

मेगर

मेन बंद. मीटरकडून येणारी वीज कट-आउटपासून तोडलेली. सगळे एमसीबी आणि बटणे चालू, दिवे काढलेले. त्यानंतरचे काम कंटाळवाणे आहे, म्हणून ते टाळले जाते : एलईडीचे ड्रायव्हर, पंख्याचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, डिमर, बेल, इन्व्हर्टर आणि डीबीतला सर्ज प्रोटेक्टर सोडवून ठेवायचे. ५०० व्होल्टने इलेक्ट्रॉनिक वस्तू जळतात, आणि सर्ज प्रोटेक्टर जोडलेला राहिला तर चांगल्या वायरिंगचेही रीडिंग पडलेले दिसते.

आता फेज आणि न्यूट्रल एकत्र बांधून त्यांचे आणि अर्थचे इन्सुलेशन मोजा. ५०० व्होल्टचा दाब एक मिनिट धरा. किमान १ मेगओहम हवे. त्यानंतर बांधलेली तार सोडून फेज आणि न्यूट्रलमध्ये मोजा. बांधून मोजण्याचे कारण असे की मोजताना काही जोडलेले राहून गेले असेल तर त्याच्या दोन्ही टोकांवर सारखा दाब येतो आणि त्यातून काही जात नाही.

नव्या पीव्हीसी तारेच्या फ्लॅटमध्ये १ मेगओहम ही पास होण्याची रेषा आहे, समाधानाची नाही. कोरड्या ऋतूत नवे वायरिंग शेकडो मेगओहम दाखवते. ३ किंवा ४ मेगओहम आले तर फॉर्म भरता येतो, पण कुठेतरी काहीतरी सुरू झाले आहे. बहुतेकदा प्लास्टरनंतर कन्सील पाइपात राहिलेले पाणी, किंवा स्लॅबमधल्या पाइपात साचलेला ओलावा. गच्चीवरून गेलेल्या पाइपांत जून ते सप्टेंबर हे नक्की आढळते. तार ओढण्याआधी पाइपातून फडके फिरवले असते तर हे टळले असते. आता काही दिवस वाळू द्या आणि पुन्हा मोजा. वाढत गेले तर ओलावाच होता. तिथेच राहिले किंवा उतरले तर तारेची साल कुठेतरी कापली गेली आहे.

शून्य आले तर अर्धे-अर्धे करत शोधा. सगळे एमसीबी पाडा आणि न्यूट्रल पट्टीवरचा प्रत्येक न्यूट्रल सोडवा. नुसते एमसीबी पाडून सर्किट वेगळे होत नाही, कारण सगळ्यांचे न्यूट्रल पट्टीवर एकत्रच असतात. तासभर डोके खाजवण्यामागे हेच कारण असते. मग एकेक सर्किट मोजा. दोषी सर्किट सापडले की मधला जंक्शन बॉक्स उघडून दोन तुकडे करा. पडदे, टीव्ही आणि किचनच्या ट्रॉल्या बसवणारे सुतार येऊन गेलेल्या घरात आधी त्यांचे स्क्रू जिथे घुसले त्या भिंतींवर संशय घ्या.

अर्थिंग, आणि पुण्याची जमीन

पाइप इलेक्ट्रोड जीआयचा (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा) असेल तर आतला व्यास ४० मिमी आणि लांबी २.५ मीटर, ही किमान मर्यादा. प्लेट घालायची तर ६० बाय ६० सेंमी, तांबे ३.१५ मिमी किंवा जीआय ६.३ मिमी जाडीची, वरची कड जमिनीखाली किमान दीड मीटर. इमारतीपासून दीड मीटर दूर. अर्थिंगच्या भारतीय मानकात, आयएस ३०४३ मध्ये, हे सगळे आहे आणि बहुतेकांना पाठही आहे. जे कुणी सांगत नाही ते असे की एवढे सगळे केल्यावरही आकडा बहुतेकदा येत नाही.

हिशोब करून बघा. जमिनीचा विशिष्ट रोध १०० ओहम-मीटर धरला, जो मध्यम प्रतीच्या मातीचा आहे, तर ३ मीटर लांब, ५० मिमी जाड एका पाइपचा रोध साधारण २८ ओहम येतो. फॉर्मवर मात्र सर्रास '१ ओहम' लिहिलेले असते. एका पाइपवर १ ओहम हवा असेल तर माती ३ ते ४ ओहम-मीटरची लागेल, जवळजवळ दलदल. पुण्यात खाली काळा बेसाल्ट आहे. कोथरूड, वारजे, बावधन अशा टेकड्यांच्या कुशीतल्या भागात हातभर मुरूम संपला की पहार वाजते. त्या खडकाचा रोध शेकडो ते हजारो ओहम-मीटरमध्ये जातो. नदीकाठची काळी माती चांगली वाहते, पण उन्हाळ्यात ती आक्रसते, भेगाळते आणि पाइपापासून सुटते.

खडक लागला की खोल जाण्याचा हट्ट सोडा. आडवे जा. २५ बाय ४ मिमीची जीआय पट्टी किमान अर्धा मीटर खोल चरात, किमान १५ मीटर लांब. बंगल्याच्या कुंपणाच्या आतून तेवढी लांबी सहज मिळते. किंवा दोन-तीन पाइप एकमेकांपासून पाइपच्या लांबीच्या दुप्पट अंतरावर ठोकून पट्टीने जोडा. जवळजवळ ठोकले तर दोन पाइप एकाच मातीत वाटेकरी होतात आणि फायदा जेमतेम होतो. भरावात बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी चिकणमाती) वापरा. मीठ-कोळसा पहिल्या वर्षी छान आकडा देतो, मग मीठ पावसात वाहून जाते आणि जाता जाता जीआय खाऊन जाते.

मोजणी अशी. अर्थची मुख्य तार पट्टीपासून सोडवा. न सोडवता मोजले तर शेजारच्या अर्थिंगचा, पाण्याच्या लोखंडी पाइपांचा आणि इमारतीच्या सळयांचा रोध समांतर लागतो आणि आकडा खोटा सुंदर येतो. (तार सोडवताना वीज बंद हवी हे सांगायला नको, पण सांगतो.) दूरची खुंटी ३० ते ४० मीटरवर ठोका, मधली खुंटी त्याच रेषेत सुमारे ६२ टक्के अंतरावर. वाचा. मधली खुंटी तीनेक मीटर अलीकडे आणि मग पलीकडे सरकवून पुन्हा वाचा. तिन्ही आकडे जवळपास सारखे आले तर सरासरी लिहा. सरकवल्यावर आकडा सरळ वाढत किंवा घटत गेला तर दूरची खुंटी पुरेशी दूर नाही. सोसायटीच्या आवारात सगळीकडे पेव्हर ब्लॉक असतील तर ओले गोणपाट पसरून त्यावर लोखंडी प्लेट ठेवा, वर वजन टाका, मधल्या खुंटीसाठी हे पुरते. क्लॅम्पवाला अर्थ टेस्टर सोयीचा, पण वीज परत येण्याची दुसरी वाट असेल तरच तो खरे बोलतो. एकट्या इलेक्ट्रोडवर त्याचा उपयोग नाही.

मोजायचे कधी? खरा आकडा एप्रिल-मेचा. ऑगस्टमध्ये मोजाल तर तारीख आणि 'जमीन ओली' असे लिहा. सकाळी खड्ड्यात दोन बादल्या ओतून दुपारी मोजणे ही पद्धत इतकी रुळली आहे की तिला आता कुणी फसवणूक समजत नाही.

मग कमी ओहमचा एवढा आग्रह कशासाठी?

इथे थोडे थांबायला हवे, कारण हे समजले की बाकी सगळे जागेवर बसते. बंगला किंवा शेतघराला स्वतःचा इलेक्ट्रोड आहे आणि फेज गीझरच्या अंगाला टेकली असे समजा. प्रवाह इलेक्ट्रोडमधून जमिनीत, तिथून ट्रान्सफॉर्मरच्या अर्थिंगपर्यंत जातो. तुमचे अर्थिंग ५ ओहम, ट्रान्सफॉर्मरचे १ ओहम. २३० भागिले ६, म्हणजे ३८ अँपिअर. सी कर्व्हचा १६ अँपिअरचा एमसीबी तत्काळ पडण्याची खात्री १६० अँपिअरला आहे. ३८ ला तो तापून पडेल, त्याला मिनिटभरही लागू शकतो. तेवढा वेळ गीझरच्या अंगावर ३८ गुणिले ५, म्हणजे १९० व्होल्ट. अर्थिंग 'उत्तम' असून माणूस गेला. अर्थिंग २८ ओहमचे असते तर प्रवाह आठेक अँपिअर, आणि एमसीबी कधीच पडला नसता.

आता ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी लावा. फेज सरळ टेकली तर तो क्षणात पडतो, आणि गळती हळूहळू वाढत असेल तर २८ ओहमच्या इलेक्ट्रोडवर ती ३० मिलीअँपिअरला पोचेल तेव्हा गीझरच्या अंगावरचा दाब ०.०३ गुणिले २८, म्हणजे एक व्होल्टसुद्धा नाही. मोठा फरक आरसीसीबी करतो. अर्थिंगने त्याला प्रवाहाची वाट द्यायची असते आणि ती २८ ओहमनेही मिळते. म्हणून मालकाकडे एकाच गोष्टीचे पैसे असतील तर दुसऱ्या खड्ड्याआधी आरसीसीबी. अर्थिंग सोडून द्या असा याचा अर्थ नाही. आरसीसीबीही बिघडतो, आणि मोटारी व मोठ्या लोडला कमी रोध लागतोच. नियमानुसार घरासाठी गळतीची मर्यादा ३० मिलीअँपिअर, इतर ठिकाणी १०० पेक्षा जास्त नाही.

आरसीसीबीची तपासणी

त्यावरचे टी (टेस्ट) बटण आतली यंत्रणा चालते एवढेच सांगते. अर्थिंग तुटलेले असले तरी ते बटण काम करते. टेस्टरने तीन गोष्टी बघा : निम्म्या प्रवाहाला, म्हणजे १५ मिलीअँपिअरला पडता कामा नये. ३० ला ३०० मिलीसेकंदांच्या आत पडावा. पाचपट प्रवाहाला ४० मिलीसेकंदांच्या आत. निम्म्यालाच पडत असेल तर आरसीसीबी खराब म्हणण्याआधी घरातल्या सगळ्या वस्तूंचे प्लग काढून पुन्हा बघा. संगणक, वॉशिंग मशीन आणि इंडक्शन शेगडी मिळून थोडी गळती कायम असते.

फेज आणि अर्थमध्ये बल्ब लावून आरसीसीबी पाडून दाखवण्याची सवय सोडा. १५ वॉटच्या बल्बमधून ६५ मिलीअँपिअर जातात, त्यामुळे तो पडतो हे खरे. पण अर्थ कुठे तुटलेला असेल तर त्या क्षणी घरातल्या सगळ्या धातूच्या वस्तूंच्या अंगावर बल्बमधून फेज जाते. कुणाचा हात नळावर आहे हे तुम्हाला दिसत नसते.

जोडल्या जोडल्या आरसीसीबी पडतो आणि वायरमन वैतागून तो काढूनच टाकतो, याचे पहिले कारण इन्व्हर्टर. इन्व्हर्टरला फेज आरसीसीबीच्या आधीपासून दिलेली असते आणि त्याच्या दिव्या-पंख्यांचे न्यूट्रल मात्र आरसीसीबीनंतरच्या पट्टीवर येतात. जाणारा प्रवाह बाहेरून, येणारा आतून, म्हणून आरसीसीबीला ती गळतीच वाटते. इन्व्हर्टरच्या सर्किटांची न्यूट्रल पट्टी वेगळी करा आणि त्यांना स्वतंत्र आरसीसीबी द्या. दुसरे कारण : दोन आरसीसीबी आहेत आणि जिन्याच्या दिव्यासाठी फेज एकाची, न्यूट्रल दुसऱ्याचा. तिसरे : कुठेतरी न्यूट्रल अर्थला टेकला आहे, जो मेगरने आधीच सापडायला हवा होता.

आणि आरसीसीबी ओव्हरलोडला पडत नाही. त्याच्या मागे एमसीबी हवाच, नाहीतर दोन्ही कामे करणारा आरसीबीओ घ्या.

थ्री-फेज घरांत एक वेगळी भीती आहे. डीबीत येणारा न्यूट्रल सैल झाला की हलका लोड असलेल्या फेजवरचा दाब ४०० कडे सरकतो. टीव्ही, फ्रिज आणि सेट-टॉप बॉक्स एका संध्याकाळी जातात. न्यूट्रलचा स्क्रू स्वतः आवळा. ॲल्युमिनियमची सर्व्हिस वायर तांब्याच्या तारेला जोडलेली असेल तर बायमेटल लग (दोन्ही धातूंचे जोड-टोक) हवा. दोन धातूंचा उघडा जोड पावसाळ्यात गंजतो.

मांडवाचा रिपोर्ट

गणेशोत्सवाच्या आधी पुण्यात तात्पुरत्या जोडणीसाठी टेस्ट रिपोर्टांची झुंबड उडते. घरापेक्षा हा रिपोर्ट जास्त जोखमीचा, कारण भाद्रपदात पाऊस असतो, पत्र्याचे छत असते, लोखंडी ट्रसला शेकडो लोक टेकतात, आणि सही केल्यानंतर दहा दिवस कार्यकर्ते त्यात रोज काहीतरी जोडत असतात.

ट्रस आणि पत्रा दोन्ही टोकांना तांब्याच्या तारेने अर्थला बांधा आणि सलगता मोजा. रंग लागलेल्या जोडावर ती तुटलेली असते. देखावा, रोषणाई, ध्वनी आणि गाभारा यांना स्वतंत्र ३० मिलीअँपिअरचे आरसीसीबी द्या. एकच लावला तर आरतीच्या वेळी एका माळेत पाणी गेल्याने सगळा मांडव अंधारात जातो आणि दुसऱ्या दिवशी कुणीतरी तो बायपास करतो. वेगळे असले तर तेवढी माळच बंद पडते आणि बायपासचा मोह होत नाही. दिव्यांच्या माळांची बारीक फ्लॅट वायर ट्रसच्या कडेवरून नेऊ नका, कडेने साल कापली जाते. जोड टेपचे नकोत, पाणी न शिरणाऱ्या बॉक्समध्ये हवेत, आणि डोक्याच्या वर. जनरेटर असेल तर चेंजओव्हर चार पोलचा, म्हणजे न्यूट्रलही बदलणारा.

मंडळाला लेखी द्या की डीबीचे दार कुलूपबंद राहील, किल्ली एकाकडे असेल, आणि पावसाच्या प्रत्येक सकाळी टी बटण दाबले जाईल. शक्य असेल तर तुमचा वायरमन रोज एकदा मेगर करून जाऊ दे. त्याचे पैसे आधीच ठरवा.

फक्त सहीने भागत नाही अशी कामे

१५ मीटरपेक्षा उंच इमारत, स्वतःचा ट्रान्सफॉर्मर, मोठा जनरेटर अशा ठिकाणी विद्युत निरीक्षकांची तपासणी आणि परवानगी लागते, तुमचा रिपोर्ट त्या कागदपत्रांतला एक असतो. भोसरी किंवा चाकणच्या शेडमध्ये मोटारींच्या बॉडीला दोन वेगवेगळ्या अर्थच्या जोडण्या हव्यात. एकाच पट्टीवरून दोन तारा नेल्या तर त्या दोन ठरत नाहीत. निरीक्षक पहिल्यांदा तिथेच बोट ठेवतात.

कागद

नव्या जोडणीच्या ए-वन अर्जातला लोड आणि रिपोर्टमधला लोड जुळवा. दोन टनांचे तीन एसी असलेल्या फ्लॅटचा लोड कमी दाखवून काही शे रुपये वाचतात आणि सर्व्हिस वायर तापते. महावितरणचा कर्मचारी जागेवर आला की हे उघडे पडते आणि प्रश्न तुम्हाला विचारला जातो.

मोजलेला आकडा जसा आला तसा लिहा. '१४० मेगओहम', '६.८ ओहम, २२ मे' असा आकडा वाचणाऱ्याला लगेच कळतो की मोजलेला आहे. सगळ्या रिपोर्टांत '१ ओहम' आणि 'अनंत' लिहिणाऱ्याचेही लगेच कळते. मीटरचा पडदा, मागे दिसणारी जागा आणि तारीख असा एकेक फोटो काढा, मीटरचा अनुक्रमांक रिपोर्टवर टाका, एक प्रत सुपरवायझरच्या सहीसह स्वतःकडे ठेवा.

अपघात झाला तर त्याची सूचना २४ तासांत द्यावी लागते, चौकशी विद्युत निरीक्षक करतात आणि पहिली मागणी टेस्ट रिपोर्टची असते. मृत्यू झाला असेल तर भारतीय न्याय संहितेचे कलम १०६ लागू शकते, त्यात निष्काळजीपणासाठी पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. सही-शिक्क्याचे मिळालेले पैसे तेव्हा आठवतात.

आकडा बसत नसेल तर नकार देण्याऐवजी दोषांची यादी द्या : कुठले सर्किट, काय आढळले, काय करायचे, पुन्हा कधी मोजणार. दोन प्रतींत, मालकाच्या पोचेसह. काम दुसऱ्या कुणी केलेले असेल तर मालक ती यादी घेऊन त्याच वायरमनकडे जातो, आणि बरेचदा दुरुस्ती होऊन आठवड्याभरात तुम्हालाच पुन्हा बोलावणे येते. दुसऱ्या फेरीत सगळे पुन्हा मोजा, नुसती दुरुस्त केलेली जागा नव्हे. डीबी उघडून एक न्यूट्रल बसवताना शेजारचा सैल झालेला असतो.